दोन पोती सांबार

मला चौथीनंतर शाळेतून काढलं, हे मागे लिहून झालं आहे. ते पुन्हा उगाळत नाही. माझं मोठं होणं तिथेच आटोपलं, पुढचं सगळं नुसतं वय वाढणं, असं मी धरून चालले होते. माझी स्वतःची मुलं मोठी झाली तेव्हा पाहायला मला सवड नव्हती. कुंपणावरची वेल वाढते तशी ती आपली आपण वाढली. मयूरी माझ्या घरी राहायला आली त्या वर्षी मात्र एक माणूस मोठं होताना मी रोज जवळून पाहिलं. म्हणून हे प्रकरण माझ्या पुस्तकात असलं तरी तरुणपण त्यात तिचं आहे, माझं नाही. ज्याला चालत नसेल त्याने पानं उलटावीत.

मयूरी माझ्या थोरल्या मुलाची, गजाननची मुलगी. गजाननचं अकोल्याला मोटर वायंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांचे जळालेले पंप येतात, तांब्याची तार नव्याने गुंडाळून परत जातात. पोरीने नर्सिंग करावं असं त्याचं म्हणणं. नर्स कधी रिकामी बसत नाही. पोरीने बारावी झाल्यावर बीबीएचं नाव काढलं आणि तिचा नंबर अमरावतीच्या कॉलेजात लागला. त्यावर घरात आठवडाभर ताटं आपटली गेली. शेवटी गजानन तिला घेऊन माझ्याकडे आला, तिची बॅग ओसरीवर ठेवली आणि माझ्यासमोर तिला म्हणाला, "दिवाळीपर्यंत पायतो. जमलं तं जमलं. नाई तं गुमान अकोल्याले येजो आन पुढच्या साली नर्सिंगले जाजो. मंग रडाचं नाई." पोरगी म्हणाली, "नाई रडत." मला वाटलं होतं ती काही हुज्जत घालील. तिने बॅग उचलली आणि कुठल्या खोलीत ठेवू म्हणून मला विचारलं.

माझं घर बडनेरा रोडला, आतल्या बाजूला. आमचे मालक एसटीच्या वर्कशॉपात होते तेव्हा बांधलेलं, दोन खोल्या, ओसरी आणि पुढे अंगण. ते गेल्यापासून घरात आवाज म्हणजे कूलरची घरघर आणि शेजारच्या कमलबाईचा कुकर. मयूरी आली आणि घरात बोलणं सुरू झालं. ती इंग्रजी धडे मोठ्याने म्हणत अंगणात फेऱ्या मारायची, देवळात पोथी वाचतात तशा एका सुरात. मला त्यातलं काही कळायचं नाही, पण सूर चुकला की कळायचं. म्हणजे त्या ओळीला ती अडखळली. पहिला महिनाभर ती खूप अडखळली. कॉलेजात शिकवणं इंग्रजीत, हिची शाळा मराठीत. भाकर खाताना तिच्या मांडीवर पुस्तक असायचं आणि ठेच्याचे हात पानांना लागायचे. तिच्या एका पुस्तकाला अजून लसणाचा वास येतो, मी हुंगून पाहिलं आहे.

कमलबाईला या शिक्षणाचं भारी कुतूहल. एकदा कुंपणावरून विचारलं, "काय शिकते वं तुमची नात?"

"मॅनेजमेंट," मी म्हटलं.

"म्हणजे मॅनेज कराचं शिकवतात? त्याच्यासाठी कॉलेज लागते काय बाप्पा? आमच्या जावयाच्या हापिसात तं सगळे घरूनच शिकून येतात."

आमच्याकडे 'मॅनेज केलं' म्हणजे पैसे चारून काम काढलं. मयूरी आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "उलटं हाय काकू. कोणाले काई चाराच नाई लागलं पायजे अशी व्यवस्था लावणं म्हणजे मॅनेजमेंट."

कमलबाई म्हणाली, "मंग तुले नोकरी भेटत नाई पोरी."

मयूरी इतकी हसली की मला वाटलं तिला राग येत नाही की काय. येतो. पण ती आधी हसून घेते आणि मग राग उरला असेल तर येतो. बहुतेक वेळा उरत नाही. आमच्या घराण्यात हे कोणाचंच नाही, तिने कुठून आणलं ठाऊक नाही.

तिच्या अभ्यासातलं ती मला सांगायची. काम ठरवणं, वाटून देणं, झालं की नाही ते पाहणं. आमच्या भिशीतल्या बायका म्हणाल्या, त्यात काय शिकायचं, हे तर आपण चुलीपुढे बसून जन्मभर केलं. खोटं आहे. आम्ही सगळं स्वतःच केलं आणि कमरा मोडून घेतल्या. वाटून देणं आम्हाला कधी जमलं नाही. सुनेने भाजी चिरली तरी आम्ही पुन्हा सुरी घेऊन बसायचो. या पोरीने माझ्या घरात आल्यावर पंधरवड्यात मला कामाला लावलं आणि मला कळलंसुद्धा नाही. "आजी, सकाळचा चहा तुह्याकडे, संध्याकाळचा माह्याकडे. तुह्या चहात मी बोलत नाई, माह्या चहात तू बोलू नको." मी पन्नास वर्षं दुसऱ्याच्या चहाला नावं ठेवत आले होते. ती सवय तिने मोडली.

दिवाळी जवळ आली तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना एक कार्यक्रम दिला. गावातले व्यापारी आणि छोटे कारखानदार येणार, पोरांशी बोलणार, पालकांनीही यायचं. मंडपापासून आभारापर्यंत सगळं पोरांनीच करायचं आणि त्यावर त्यांना मार्क. सर कोल्हापूरकडचे, नवीनच आलेले, तरुण. त्यांनी नाश्त्याचं काम मयूरीच्या गटाला दिलं. गजाननला तिनेच फोन करून बोलावलं. मी म्हटलं, "त्याले काहून बोलवते? त्याचा निकाल त्या दिवशीच लागीन." ती म्हणाली, "लागाचाच हाय ना आजी. मंग काम पाहून लागू दे. घरी बसून नको."

ठरलं असं, की इडली, सांबार, चटणी द्यायची. इडल्या गाडीवाला अण्णा आणून देणार. चटणी माझ्याकडे. मयूरीने गटातल्या पोरांना मोबाइलवर कामं पाठवली, त्यात लिहिलं, "सांबार – पूजा." पूजा म्हणजे तिची मैत्रीण, चांदूर रेल्वेकडच्या खेड्यातली, अमरावतीत मेसमध्ये जेवणारी. मयूरीच्या मनात होतं, पूजा मेसवाल्या काकूंना सांगून शंभरेक माणसांचं सांबार करवून घेईल.

आता हे दुसरीकडच्या लोकांना सांगितलं पाहिजे. पुण्यामुंबईला ज्याला कोथिंबीर म्हणतात त्याला आम्ही वऱ्हाडात सांबार म्हणतो. इडलीबरोबरच्या पातळ डाळीलाही सांबारच म्हणतो. आमचा एरवी गोंधळ होत नाही, कारण एक भाजीवाल्याकडे मागतो आणि दुसरं हॉटेलात. फरक एवढाच की भाजीवाल्याकडचा सांबार 'तो' असतो आणि हॉटेलातलं सांबार 'ते'. "सांबार – पूजा" यात तो की ते, काहीच नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी उजाडता उजाडता फाटक वाजलं. मी चूळ भरत होते. बाहेर ऑटो उभा, त्यातून पूजा उतरली, तोंडभर हसत. "आजी, सांबार आणला!" आणला म्हणाली तेव्हाच माझ्या कानाला खटकायला हवं होतं. ऑटोवाल्याने दोन पोती ओढून अंगणात टाकली. ओली, हिरवीगार, तोंडाशी मुळ्या लोंबत होत्या. सगळं अंगण वासाने भरलं.

मयूरी दात घासत बाहेर आली आणि ऑटोत पातेलं शोधू लागली. "डाळीचा गंज कुठी हाय?"

"कोणती डाळ?" पूजा म्हणाली.

"सांबाराची!"

"सांबाराची डाळ कशी राहीन? हा काय सांबार. माह्या मामाचा बाजारात माल असते ना, त्याले म्हटलं शंभर लोकायचं हाय. त्यानं म्हटलं भाचीचा कार्यक्रम, कमी नाई पडला पायजे."

"पूजे, इडलीसंगं असते ते."

पूजाचं तोंड उतरलं. "ते तं इडलीचं वरण असते ना वं?"

माझा हात तिच्या पाठीत घालायला उठलाच होता. पण मयूरी ब्रश तोंडात तसाच ठेवून पायरीवर बसली आणि हसायला लागली. फेस हनुवटीवरून ओघळला तरी हसतच होती. पूजा रडायला लागली. मयूरीने तोंड धुतलं, तिच्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "रडाचं मंग. आता सांबार निवड."

मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "सरले सांग, ऑटोवाल्यानं डाळ सांडवली. दुसरं काय करते? तुहा बाप येऊन राहिला आज."

ऑटोवाला माझ्याच घरचा चहा पीत उभा होता. म्हणाला, "नाई आजी, म्या काई नाई सांडवलं."

"पाह्य," मयूरी म्हणाली, "हा गरीब इथंच उभा हाय." आणि तिने सरांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"सर, नाश्त्यात अडचण आहे. सांबाराऐवजी सांबार आला."

"मग अडचण काय?" सर म्हणाले.

"कोथिंबीर आली, सर. आमच्याकडे तिलाच सांबार म्हणतात."

सरांनी विचारलं, "सगळे म्हणतात?"

"सगळेच, सर."

"मग आता काय करणार?"

"अजून ठरलं नाही. तुम्हाला ऐनवेळी कळू नये म्हणून आधी सांगितलं."

मी हे ऐकून तिच्याकडे पाहत राहिले. उपाय हातात नसताना वाईट बातमी वरच्या माणसाला सांगणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं. आम्ही सगळे आधी लपवतो, मग सारवतो, आणि अगदीच नाइलाज झाला की सांगतो. माझा नवरा असाच होता, माझा मुलगा असाच आहे, आणि मीही त्यांच्यातलीच.

मेसवाल्या काकू गावाला गेलेल्या. घरात शंभर लोकांची डाळ नव्हती, दुकानं उघडायला अवकाश होता. होतं ते बेसन, दिवाळीच्या शेवेसाठी नुकतंच दळून आणलेलं. आणि सांबार. वऱ्हाडातल्या कोणत्याही बाईला पुढचं सांगावं लागत नाही. मी म्हटलं, सांबारवडी. मयूरीने गटातल्या पोरापोरींना बोलावलं आणि कमलबाईला कुंपणावरून हाक मारली, "काकू, कढई आन तुमी, दोन्ही पायजे."

सांबार ओला होता. ओल्या सांबाराची वडी तेलात फुटते. मयूरीने माझी जुनी लुगडी खाटांवर पसरली, निवडलेला सांबार त्यावर टाकला आणि कूलरचं पाणी काढून नुसता पंखा त्यावर सोडला. कमलबाई तीळ-खसखस भाजत होती, मी सुकं खोबरं किसत होते, पोरं लसूण सोलत होती. अंगणात दिवाळीआधीच दिवाळी दिसत होती. पण वडीचं काम नजाकतीचं. पारी लाटा, चिंचेचं पाणी लावा, सारण भरा, घडी घाला, कडा दाबा. मी एक करून दाखवायची आणि पोरं तीन बिघडवायची. मयूरी उभी राहून पाहत होती, मग तिने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता वड्या बंद. उरलेला सांबार बेसनात कालवा, भजी काढा."

माझं डोकं फिरलं. "सांबारवडी सोडून भजी? सारणात खसखस हाय, खोबरं हाय, ते भज्यात घालते? लोकं थुंकतीन!"

"नाई थुंकत."

"मी सांगून राहिली ना तुले!"

"आजी, वड्या मोठ्या पाहुण्यायले पुरतात. बाकीच्यायनं उपाशी बसाचं काय? दहाले लोकं येणार हायत, वडीसाठी थांबणार नाईत." आणि माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं. हळूच घेतलं, पण घेतलं. मला त्या क्षणी तिचा भयंकर राग आला होता. आज लिहिताना सांगते, ती बरोबर होती. माझ्या हिशेबाने वड्या करत बसलो असतो तर अर्ध्या मंडपाला नुसत्या चटणीशी इडली चावत बसावं लागलं असतं. पण तेव्हा मी तोंड फुगवून भजी सोडली. पहिला घाणा आतून कच्चा निघाला. पुढचे बरे निघाले, पण जरा काळपट.

आम्ही कॉलेजात पोचलो तेव्हा गजानन आधीच येऊन मागच्या रांगेत बसला होता. बडनेऱ्याला उतरून सरळ आलेला, दुकानाचाच शर्ट अंगात. मयूरीने लांबून त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि कामाला लागली. तो मला म्हणाला, "बापाजवळ यालेबी टाइम नाई का?" मी म्हटलं, "तू काम पाहाले आला ना? मंग पाह्य."

नाश्त्याआधी ती माइकवर गेली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. निळा पंजाबी ड्रेस, बाहीला बेसन लागलेलं. आधी इंग्रजीत दोन वाक्यं म्हणाली, अडखळली नाही. मग मराठीत म्हणाली, "आज पत्रिकेत इडली-सांबार लिहिलं आहे. इडली आहे. सांबारही आहे, पण तो भाजीबाजारातला आहे. मी निरोप नीट लिहिला नाही, त्यामुळे ही चूक झाली. सकाळी अंगणात दोन पोती उतरली तेव्हा आम्हाला कळलं. काहींना त्याच्या वड्या मिळतील, काहींना भजी. भजी जरा काळी आहेत, ती आधी संपवा." क्षणभर कोणाला कळलं नाही. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या तेलगिरणीवाल्याने मांडीवर थाप मारली, "दोन पोते सांबार! अरे बाप रे!" आणि सगळा मंडप हसायला लागला. बाहेरगावच्या पाहुण्यांना शेजारचे समजावून सांगत होते. सर भिंतीशी उभे राहून हसत होते. पूजा पाण्याच्या टाकीमागे लपली होती, तिला मी ओढून काढून भज्याच्या परातीमागे उभी केली.

एकटा गजानन हसत नव्हता. कानापर्यंत लाल झाला होता. नाश्ता झाल्यावर त्याने पोरीला बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं. मी मागे मागे गेले.

"भर सभेत हसं करून घेतलं," तो म्हणाला. "चूक त्या पोरीची, तं तिचं नाव घ्याचं. नाई तं गप बसाचं. लोकं खाऊन गेले असते, कोणी विचारलं नसतं. आपली चूक आपल्या तोंडानं सांगाची काय गरज होती? मी सांगतो का कधी गिऱ्हाईकाले?"

"नाई सांगत," मयूरी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तार वरूनच खराब आलती म्हणता. गिऱ्हाईक हो म्हणते आन पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाते. मी शाळेतून येऊन काउंटरवर बसत होते बाबा, मले दिसत होतं ते."

मी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं, आता संध्याकाळच्या गाडीला दोघं जातात. गजाननने आयुष्यात कोणाकडून असं ऐकून घेतलेलं नाही, माझ्याकडूनही नाही. तेवढ्यात तो तेलगिरणीवाला हात पुसत बाहेर आला. मयूरीला म्हणाला, "पोरी, तिसऱ्या वर्षाले शिकाऊ म्हणून कुठं जाची वेळ आली तं आमच्याकडे येजो. आमच्याकडे चुका लय होतात, पण सांगणारं कोणी नाई." मग गजाननकडे वळून, "तुमची मुलगी का?"

गजाननने दुकानाच्या शर्टाची कॉलर सारखी केली. मग म्हणाला, "हो. अकोल्याची हाय."

ते झालं आणि आम्ही तिघं ऑटोने घरी आलो. अंगणात अजून सांबाराचा वास होता, खाटेवर माझी हिरवे डाग पडलेली लुगडी वाळत होती. मयूरी गॅसवर चहा टाकायला आत गेली; संध्याकाळचा तिच्याकडे. गजानन ओसरीवर बसला, उरलेलं भजं खाल्लं, तिखट कमी आहे म्हणाला. मग उठून तिच्या खोलीत गेला. मला ओसरीवरून दिसत होतं, त्याने टेबलावरची पुस्तकं पाहिली, खिडकीची कडी लागते की नाही ते पाहिलं, गादीवरची दुलई हातात धरून दाबली.

"माय," तो म्हणाला, "ह्या दुलईतल्या कापसाच्या गठुळ्या झाल्या. पोरगी थंडीत काकडीन. मी अकोल्याहून नवीन भरून पाठवतो."

आत चहा उतू जात होता. मयूरीने गॅस बंद केला नव्हता, ती ऐकत उभी होती.

मी म्हटलं, "पाठव. आन दोन पाठव, माहीबी फाटली हाय."